गीताचा धनी

एकादें गाणें ऐकत असतां तें कोणीं रचलें असेल हा विचार मनांत येऊं नये, ही त्या गाण्याच्या यशाची खूण समजावी कीं ऐकणाराच्या बेपर्वाईची, हा प्रश्न आम्हांला बरेच दिवस सतावीत आहे. त्याला निमित्तहि साधेंच झालें. अमेरिकेंतून परतलेल्या एका आप्तानें आणलेल्या ध्वनिमुद्रिकेंत हॅल केचम या गायकाच्या आवाजांतील एक विरहगीत होतें. त्याचें नांव ‘पास्ट द पॉइंट ऑफ रेस्क्यू’. वांचविण्याची वेळ टळून तर गेली नाहीं ना, ही व्याकुळ शंका त्यांत भरलेली आहे. तें आम्हांला फार आवडलें. घरीं तें आम्ही वारंवार लाविलें, आल्यागेल्याला ऐकविलें, आणि दर वेळीं मोठ्या विश्वासानें सांगितलें कीं, हें केचमचें गाणें. मुद्रिकेबरोबरच्या पत्रकावर बारीक अक्षरांत दुसरेंच एक नांव छापलेलें होतें. तें वाचावयास आम्हांला कित्येक वर्षें लागलीं. तें नांव होतें मिक हॅन्ली.

चूक क्षुल्लक आहे, असें कोणी म्हणेल. परंतु एकादी कादंबरी मोठ्यानें वाचून दाखविणाराचीच ती कादंबरी, असें आपण कधीं समजत नाहीं. नाटकांतील राजा स्वतःचीं भाषणें स्वतःच लिहून आला आहे, असेंहि कोणाला वाटत नाहीं. गाण्याच्या बाबतींत मात्र ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करितो, आणि ती केल्याची त्याला खंतहि वाटत नाहीं. असें कां व्हावें? आणि असें होणें हा कोणावर अन्याय आहे काय? या प्रश्नाचा विचार करण्यास खुद्द हॅन्ली यांच्या चरित्राइतकें सोईचें उदाहरण आम्हांला दुसरें आढळलें नाहीं. कारण हा मनुष्य या व्यवहाराच्या दोन्ही बाजूंना उभा राहिलेला आहे.

हॅन्ली यांचा जन्म १९४९ सालीं आयर्लंडांत शॅनन नदीच्या कांठच्या लिमरिक शहरीं झाला. त्यांच्या तारुण्याच्या काळांत आयर्लंडांतील तरुण मंडळी जुन्या लोकसंगीताकडे नव्या उत्साहानें वळलीं होतीं. हॅन्ली यांनीं मीहॉल ओ डोनल यांच्याशीं जोडी जमविली आणि ‘मन्रो’ या नांवानें दोघे गाऊं लागले. १९७४ सालीं त्यांची ‘केल्टिक फोकवीव्ह’ ही मुद्रिका निघाली. डोनल लनी, बांसरीवादक मॅट मलॉय अशा पुढें नांवारूपास आलेल्या मंडळींचा तीस हातभार होता. पुढें ओ डोनल ‘बॉथी बँड’ या विख्यात वाद्यवृंदांत गेले; हॅन्ली यांनीं १९७६ व १९८० सालीं एकट्याच्या नांवावर दोन मुद्रिका काढिल्या. त्या दोहोंचीं नांवेंहि जुन्या गाण्यांवरूनच घेतलेलीं होतीं.

या काळांत हॅन्ली जीं गाणीं गात, त्यांपैकीं बहुतेकांचा कर्ता अज्ञात होता. कोणा हंगामी शेतमजुरानें, कोणा विणकरानें, कोणा मोलकरणीनें तीं रचलीं असावींत. तीं कोणीं रचलीं हें विसरलें गेलें, आणि काय रचलें तेवढें उरलें. अशा गाण्यापाठीमागें ‘पारंपरिक’ हा एकच शब्द छापतात. म्हणजे उभ्या तारुण्यांत हॅन्ली यांनीं ज्या भांडवलावर आपला व्यवसाय केला, तें भांडवल ज्यांचें, त्यांना तें देणें फेडून घ्यावयास येतां येण्यासारखें नव्हतें. यांत हॅन्ली यांचा दोष तिळमात्र नाहीं. प्रत्येक परंपरागायक याच स्थितींत असतो. पण स्थिति ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

पुढें ते स्वतः गीतें रचूं लागले. उत्तर आयर्लंडच्या तुरुंगांतील प्रजासत्ताकवादी कैद्यांनीं राजकीय कैद्याचा दर्जा काढून घेतल्याच्या निषेधार्थ १९७६ पासून तुरुंगाचे कपडे नाकारले आणि ते नुसत्या घोंगड्या गुंडाळून राहूं लागले. त्या झगड्यावर हॅन्ली यांनीं ‘ऑन द ब्लँकेट’ हें गीत रचलें. शाळकरी वयाच्या आठवणींवर त्यांनीं ‘ऑल आय रिमेंबर’ रचलें, तें क्रिस्टी मूर यांनीं ‘मूव्हिंग हार्ट्स’ या वृंदाबरोबर १९८२ सालच्या मुद्रिकेंत गाइलें. जुनें आयरिश सनईसारखें कोपरानें भाता दाबून वाजवावयाचें वाद्य आणि विजेची गिटार यांचा मेळ घालणारा हा वृंद होता. त्याच वर्षीं मूर वृंद सोडून गेले, आणि त्यांच्या जागीं गावयास आले ते हॅन्लीच. ज्यानें आपलें गीत गाइलें त्याच्या रिकाम्या जागेवर उभें राहून गाण्याचा हा योग चमत्कारिक खरा. १९८०नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत त्यांनीं ‘रस्टी ओल्ड हेलो’, म्हणजे गंज चढलेलें जुनें प्रभामंडळ, अशा विनोदी नांवाचा आपला वृंद काढिला. आतां त्यांचा ओढा अमेरिकन कंट्री संगीताच्या ढंगाकडे स्पष्ट दिसूं लागला होता.

‘पास्ट द पॉइंट ऑफ रेस्क्यू’ हें याच सुमाराचें. १९८९ सालीं मेरी ब्लॅक या गायिकेनें तें आपल्या ‘नो फ्रंटियर्स’ या मुद्रिकेंत गाइलें. १९९१ सालीं हॅल केचम यांनीं तें गाऊन आपल्या सबंध मुद्रिकेलाच त्याचें नांव दिलें, आणि १९९२ सालीं ‘बिलबोर्ड’ पत्राच्या कंट्री संगीताच्या क्रमवारींत तें दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलें. केचम हे पूर्वीं सुतारकाम करीत असत. ते स्वतःहि गीतें रचीत. २०२० सालीं ते वारले. त्यांच्याशीं आमचें भांडण मुळींच नाहीं. त्यांनीं गाइलें नसतें तर हें गीत आमच्या घरापर्यंत आलेंच नसतें.

आतां या चरित्राकडे जरा दूर राहून पाहावें. पूर्वार्धांत गायक माहीत आणि कर्ता अज्ञात. उत्तरार्धांत कर्ता माहीत असूनहि लोकांच्या दृष्टीनें अज्ञात, आणि गायक विख्यात. पूर्वीं जो ‘पारंपरिक’ या शब्दाच्या अलीकडे उभा होता, तो देहानें जिवंत असतांनाच त्या शब्दाच्या पलीकडे जाऊन बसला. आमच्यासारख्या ऐकणारानें त्याला तेथें बसविलें.

आमचे एक वकील स्नेही आहेत. त्यांच्यापाशीं आम्ही ही हळहळ बोलून दाखविली तेव्हां ते हसले. ते म्हणाले, ‘तुम्ही ज्याची कींव करतां, त्याची बाजू कायद्यानें केव्हांच राखून ठेविली आहे.’ आणि त्यांनीं जें सांगितलें तें खरोखर ऐकण्यासारखें आहे. अमेरिकेंतील नेहमींच्या रेडिओ केंद्रावरून मुद्रिका वाजली असतां तिचा मोबदला गीतकाराला व त्याच्या प्रकाशकाला मिळतो; गाणाराला त्यांतून कांहीं मिळत नाहीं. शिवाय एकदां एकादें गीत मुद्रिकेच्या रूपानें प्रसिद्ध झालें, कीं पुढें कोणीहि कर्त्याची परवानगी न घेतां, कायद्यानें ठरविलेली रक्कम भरून, तें आपल्या आवाजांत मुद्रित करूं शकतो. हा नियम १९०९ सालच्या कायद्यानें आला. तेव्हां ती रक्कम प्रत्येक प्रतीमागें २ सेंट होती, आणि केचमचें गाणें गाजलें त्या १९९२ सालीं ती ६.२५ सेंट होती. थोडक्यांत, कर्त्याला ‘गाऊं नको’ म्हणण्याचा हक्क नाहीं, पण मोलाचा हक्क आहे. रेडिओवर गाणाराला कीर्ति मिळते आणि रचणाराला पैसा. स्नेह्यांचा सवाल असा कीं, या वांटणींत रडण्यासारखें काय आहे?

उत्तर सोपें नाहीं. मोल मिळणें ही लहान गोष्ट नव्हे. ज्यांनीं आयुष्यभर गाणीं रचलीं आणि उपाशीं मेले, अशांची संख्या कमी नाहीं. पण मोलानें ऋण सर्वस्वीं फिटतें, हा विचार आम्हांला पटत नाहीं. शेजाऱ्यानें आपलें मूल बुडतांना वांचविलें तर त्याला बक्षीस देऊन आपण त्याचें नांव विसरूं शकतों काय? ऋणाचे दोन भाग असतात. एक फेडावयाचा, आणि एक मान्य करावयाचा. पहिला कायदा वसूल करूं शकतो. दुसरा कोणतेंहि न्यायालय वसूल करूं शकत नाहीं, म्हणूनच तो आपल्या सद्‌बुद्धीवर सोडलेला आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि तो लोकसंगीताच्या चाहत्यांकडून येतो. ते म्हणतात कीं, गाण्यावरून नांव गळून पडणें हेंच त्याचें भाग्य. नांव असेंतोंवर तें एकाचें. नांव गेलें कीं सगळ्यांचें. मग जो तो त्यांत आपला सूर घालतो, कडवें बदलतो, दुःख आपलेंसें करितो, आणि शेंदोनशें वर्षांत तें गाणें कोणा एका प्रतिभेला साधणार नाहीं इतकें घोटीव होतें. यांत तथ्य पुष्कळ आहे. परंतु नांव आणि कुलूप या दोन वस्तू निराळ्या आहेत, हें ते विसरतात. आपल्याकडील अभंगाच्या अखेरच्या चरणांत कर्त्याची मुद्रा असते. तेवढ्यानें तो अभंग गावोगांव निरनिराळ्या चालींत म्हणावयाचा राहिला नाहीं. नांव राखूनहि गाणें सर्वांचें होऊं शकतें.

खुद्द आयर्लंडांतील जुन्या रीतींतहि याचा पुरावा आहे. आयरिश भाषेंत गायकाला ‘गाणें म्हण’ असाच आग्रह करितात. गाण्याला ‘म्हणणें’ हें क्रियापद लावण्याची ही मराठीसारखी लकब पाहून आम्हांला मौज वाटली. जो म्हणतो, तो कांहींतरी सांगत असतो. त्या पश्चिम किनाऱ्यावरील खेड्यांत साथीशिवाय गाणारे जुने गायक गाण्यापूर्वीं पुष्कळदां त्याची हकीकत सांगत: हें कोणत्या प्रसंगावर झालें, कोणीं केलें म्हणतात, आपण तें कोणाच्या तोंडून उचललें. या हकीकतीला त्या भाषेंत जो शब्द आहे, त्याचा दुसरा अर्थ ‘कर्ता’ अथवा ‘प्रमाण’ असा आहे. हकीकत सांगून झाल्यावर गायक गाणें मात्र आपल्या धाटणीनें, आपल्या हरकतींनीं म्हणतो. त्यांत कोणी त्याला अडवीत नाहीं. ऐकणारा एकादा त्याचा हात हातांत घेऊन त्याला हलके हलके झोका देत असतो. तेव्हां परंपरा म्हणजे विस्मृति, हें म्हणणेंच मुळांत चूक आहे. परंपरा म्हणजे हातोहात दिलेली वस्तु, आणि वस्तु हातोहात देतांना देणाराचा हात दिसतोच.

हे हात सुटूं कसे लागले, याची कथा पाहावयास कंट्री संगीताच्या जन्मस्थानीं जावें लागतें. अठराव्या शतकांत उत्तर आयर्लंडांतून हजारों कुटुंबें अमेरिकेंत गेलीं आणि अ‍ॅपलेशियन डोंगरांत पसरलीं. त्यांच्याबरोबर गाणींहि गेलीं. १९१६ ते १९१८ या वर्षांत सेसिल शार्प हे इंग्रज संग्राहक मॉड कार्पेलीस यांना बरोबर घेऊन त्या डोंगरांत हिंडले, तेव्हां ब्रिटनमधील कित्येक जुनीं गाणीं त्यांना तेथें जिवंत सांपडलीं. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं, १९२७ सालीं, राल्फ पीर नांवाचा मुद्रिका कंपनीचा मनुष्य टेनेसी-व्हर्जिनियाच्या सीमेवरील ब्रिस्टल गांवीं यंत्र घेऊन आला. त्याच्यापुढें जे डोंगरी गायक येऊन गाइले, त्यांत कार्टर कुटुंब होतें. पीरला अशीं गाणीं हवीं होतीं कीं ज्यांवर कोणाचा तरी मालकीहक्क नोंदवितां येईल. तेव्हां कुटुंबप्रमुख ए. पी. कार्टर डोंगर पालथे घालून जुनीं गाणीं गोळा करूं लागले. लेस्ली रिडल नांवाचे कृष्णवर्णी गिटारवादक त्यांच्याबरोबर हिंडत आणि चाली ध्यानांत ठेवीत. गोळा झालेलीं कित्येक गाणीं कार्टर यांच्या नांवें नोंदलीं गेलीं. ज्या म्हातारीनें ओसरीवर बसून गाणें सांगितलें तिचें, आणि ज्या रिडलनें चाल ध्यानांत ठेविली त्याचें, नांव त्या नोंदींत आलें नाहीं.

कार्टर यांना चोर म्हणणें आम्हांला रुचत नाहीं. ते हिंडले नसते तर त्यांतील कित्येक गाणीं त्या म्हाताऱ्यांबरोबरच पुरलीं गेलीं असतीं. पण त्यांच्या उदाहरणावरून एक गोष्ट उघड दिसते. निनांवी गाणें सर्वांचें राहतें, हा चाहत्यांचा भ्रम आहे. रिकामी जागा रिकामी राहत नाहीं. तेथें जो पहिला कागद घेऊन येतो त्याचें नांव चढतें. म्हणून ज्याला गाणें सर्वांचें राहावें असें वाटतें, त्यानेंच नांवाविषयीं अधिक दक्ष राहावयास पाहिजे.

आणि त्या अज्ञात कर्त्यांना नांवाची हांवच नव्हती, असें जें मोठ्या गौरवानें सांगण्यांत येतें, त्याविषयीं काय म्हणावें? त्यांना तें कोणीं विचारलें होतें? ज्याचें नांव पुस्तकावर छापलेलें आहे, त्यानें निनांवीपणाची थोरवी गावी, हें पोट भरलेल्यानें उपवासाची थोरवी गाण्यासारखें आहे. शेतांत राबणाऱ्या मजुराला लिहितां येत नव्हतें. त्याचें नांव राहिलें नाहीं, यांत त्याचा वैराग्यभाव शोधण्यापेक्षां आपली उपेक्षा शोधणें अधिक प्रामाणिकपणाचें होईल. हॅन्ली यांच्या बाबतींत तर लिहितां न येण्याचा प्रश्नच नव्हता. नांव छापलेलें होतें. आम्हीं तें वाचलें नाहीं.

येथें आमच्या मनाचा जो निर्णय झाला आहे, तो असा. गाण्यापासून तीन वस्तू निर्माण होतात: मोल, कीर्ति आणि नांव. मोल कोणाला किती, हें कायदा ठरवितो, आणि तो बरेंवाईट तें ठरवीत आला आहे. कीर्ति लोकांच्या कानांवर अवलंबून असते. ज्या आवाजानें आपलें काळीज हालविलें त्या आवाजाशींच कान गीत जोडून टाकतात, आणि त्यांना हुकूम करतां येत नाहीं. केचमच्या आवाजाला कीर्ति मिळाली यांत अन्याय नाहीं. ती त्यांनीं मिळविली. पण नांव ही कीर्तीहून अगदीं निराळी वस्तु आहे. कीर्ति देणें कोणा एकाच्या हातीं नाहीं. नांव सांगणें प्रत्येकाच्या हातीं आहे. त्याला पैसा लागत नाहीं, विद्वत्ता लागत नाहीं. पत्रकावरील बारीक अक्षरें वाचण्याइतका वेळ लागतो. जें इतकें सोपें आहे तें न करणें, याला आम्ही विसरणें म्हणणार नाहीं. तो हलगर्जीपणा आहे, आणि दुसऱ्याच्या सर्वस्वाविषयीं केलेला हलगर्जीपणा हा नीतीच्या क्षेत्रांतला दोष होय.

मग ज्यांचीं नांवें खरोखरच नष्ट झालीं, त्यांचें काय? त्यांच्याविषयीं एवढेंच करतां येण्यासारखें आहे कीं, त्या रिकाम्या जागीं आपलें नांव घालूं नये, आणि ज्याच्याकडून गाणें आपणांपर्यंत आलें त्या शेवटच्या हाताचें नांव तरी सांगावें. तो शेवटचा हात त्यामागील सगळ्या हातांचा प्रतिनिधि असतो. जुने आयरिश गायक हेंच करीत. त्यांतील कित्येकांना शाळेचें तोंड दिसलें नव्हतें, पण ही गोष्ट त्यांना कोणी शिकवावी लागली नाहीं.

हॅन्ली यांना स्वतःला या सर्वाविषयीं काय वाटलें असेल, याची उठाठेव आम्ही करीत नाहीं. त्यांनीं निनांवी माणसांचीं गाणीं गाऊन सुरुवात केली, आणि पुढें त्यांचें एक गाणें त्यांच्यावांचून समुद्रापलीकडे गेलें. अठराव्या शतकांतील स्थलांतरितांचीं गाणीं ज्या मुलुखांत जाऊन मुरलीं त्याच मुलुखांत तें गेलें, आणि तेथें तिथलेंच होऊन राहिलें. रचणाराच्या दृष्टीनें याहून मोठें यश कोणतें, असा प्रश्न कोणी केला तर त्याला नाहीं म्हणवत नाहीं. मात्र तें यश त्याचें आहे, हें ऐकणाराला ठाऊक असावें, इतकेंच आमचें म्हणणें आहे.

परवां आमच्याकडे पाहुणे आले होते. आम्ही तीच मुद्रिका लाविली, आणि गाणें सुरू होण्यापूर्वीं सांगितलें, ‘हें लिमरिकच्या मिक हॅन्लींनीं रचलें, गातात ते हॅल केचम, आमच्याकडे तें आमच्या आप्तामुळें आलें.’ पाहुण्यांनीं मान डोलाविली. गाणें संपल्यावर ते जिना उतरतां उतरतां आम्हांला म्हणाले, ‘तें केचमचें गाणें फार चांगलें आहे हो.’ आम्ही दारांतूनच त्यांना पुनः एकदां नांव सांगितलें.